अण्णांचा रोल, माझं कार्ड

४ एप्रिल १९९९, रविवार

आला एकदाचा कॅमेरा! आईच्या दोन बांगड्या मोडल्या आणि टाऊनशिपमधल्या एका साहेबांकडून घेतला. त्यांनी तो परदेशातून आणला होता, आता त्यांना नवा हवाय. बांगड्या घालून मी कुठे मिरवणार होते? आजच्या घडीला बोईसरात असा कॅमेरा दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत असेल असं मला वाटत नाही. आमच्या ‘रत्ना फोटो स्टुडिओ’त आहे. आई असती तर तिनेच पेढे वाटले असते.

ह्यात रोल नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढं एक पातळ कार्ड आहे, फोटो त्यावर जातात. वीसेक फोटोंत ते भरतं. मग फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि कार्ड पुसायचं, की पुन्हा कोरं. कार्ड एकच मिळालंय, दुसरं इथे कुठे मिळणार? साहेबांनी बजावलं, सोनेरी भागाला बोट लावू नका, उन्हात ठेवू नका आणि पुसायच्या आधी नीट बघा, कारण पुसलेलं परत येत नाही.

अण्णांना दाखवला. माझाच फोटो काढून मागचा छोटा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ घेतला, मग हातभर लांब धरला आणि म्हणाले, “बरं आहे तुझं खेळणं.” बस्स, एवढंच! कऱ्हाडहून येऊन, कारखान्यातली नोकरी सोडून ज्या माणसाने फोटोपायी स्टुडिओ उभा केला, त्याने नव्या कॅमेऱ्याला खेळणं म्हणावं? डोक्यात तिडीकच गेली.

“मी कशी दिसतेय ते तरी सांगा, अण्णा.”

“तू नेहमी दिसतेस तशीच.”

म्हणजे चिडकी. खरं दुखणं काय ते मला कळतं. त्यांच्या जुन्या याशिका कॅमेऱ्याला सवत आलीय.

७ एप्रिल, बुधवार

अण्णांचा रुसवा चालूच. पेपर वाचत नाहीत, म्हणे “तू वाच, मी ऐकतो.” निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करण्यात त्यांचा हात धरणारा पालघरपर्यंत कुणी नव्हता. तेही सोडलंय. “हल्ली कुणाला लागत नाही.” सकाळी बशीत चहा ओतला तो अर्धा टेबलावर. रागावलेला माणूस असाच वागतो, लक्ष कुठे असतं त्याचं!

दुपारी डोंगराखालच्या पाड्यावरून तानी आली. साठीची असेल. कैऱ्या विकून झाल्या होत्या, रिकामी पाटी काखेत. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “लग्नाचा फोटू काडशील काय?”

अण्णा आतल्या खोलीतून ओरडले, “तानी गं तू?” आवाजावरून ओळखली त्यांनी.

“कुणाचं लग्न?” मी विचारलं.

“माजं.”

मग तिने सांगितलं. तरुणपणी लग्नाचा खर्च झेपला नाही, म्हणून ती आणि भिका तसेच एकत्र राहिले. त्यांच्यात ते चालतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. पुढे जमेल तेव्हा लग्न लावायचं. ह्यांचं जमता जमता मुलगा लग्नाला आला. आता एकाच मांडवात मुलगा चिंतू आणि बुधीचं लग्न, आणि त्याच मांडवात त्याच्या आईबापाचंही.

“डोकऱ्याची छाती लय वाजते,” तानी म्हणाली. “आमचा दोगांचा जन्मात येक फोटू नाय. बाशिंग बांदून बसू तवाचा येक काड. बाकी नाय काडलास तरी चालंल.”

“एक काय, वीस काढते!” मी म्हटलं. नव्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

११ एप्रिल, रविवार

एकनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासात फोटो उतरवायला शिकले. वायर जोडायची आणि वाट बघत बसायचं. एकेक फोटो उतरेपर्यंत चहा पिऊन होतो. रविवारी क्लास बंद असतो, पण सरांनी माझ्यासाठी उघडला. चहाही स्वतःच करून आणला. घरी काही काम नसतं बहुतेक त्यांना. अण्णांना सांगितलं तर गालात हसले. ह्यात हसण्यासारखं काय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

१६ एप्रिल, शुक्रवार

शुक्रवार, म्हणजे दिवसभर लाइट नाही. क्लासही बंद. फोटो उतरवायला उद्या जाईन. तोवर कालचं लग्न लिहिते.

अण्णा मागेच लागले, मीही येतो म्हणून. गळ्यात याशिका. “रोल घातलाय का त्यात?” मी विचारलं. “नाही गं. गळ्यात काही नसलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं.” म्हटलं चला.

टेम्पोतून उतरून थोडं चढावं लागलं. अण्णांनी माझा खांदा धरला, म्हणाले गुडघा दुखतोय. घरात अंधार, पण भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला लग्नाचा चौक असा उठून दिसत होता की मी पाच फोटो त्याचेच काढले. लग्न लावणारी बाईच असते, तिला धवलेरी म्हणतात. तिची गाणी दुपारपासून चालली होती, आवाज जराही बसला नव्हता.

आणि आमचे अण्णा! रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून लहान पोरासारखे खटखट करत होते. वर दर दोन मिनिटांनी मला, “सुले, किती फूट?” म्हणजे समोरचा माणूस किती लांब आहे ते सांग. सुरुवातीला सांगितलं. तानी आणि भिका चौकापुढे पाटावर बसले, तेव्हा तर मी पावलं टाकून मोजलंच होतं, म्हणून नीट सांगितलं, “सहा फूट.” पुढे पुढे वैताग आला. इथे माझं कार्ड भरत आलेलं, घामाच्या धारा लागलेल्या, आणि ह्यांचा खेळ चाललाय. तोंडाला येईल ते सांगत सुटले. दहा! चार! पंधरा! ते आपले प्रत्येक वेळी “बरं” म्हणून कॅमेऱ्याची अंतराची कडी फिरवायचे.

निम्म्या लग्नात कार्ड भरलं. मग मांडवाच्या कडेला बसून नको ते पुसायला घेतले. चौकाचे तीन पुसले. एकात एका म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, तोही पुसला. तानी हळद लावलेल्या अंगाने पाठीशी उभी राहून बघत होती.

“तो गेला कुटं?”

“पुसला. जागा करतेय.”

“पुसला म्हंजे? मानूस हाय ना त्याच्यात!”

मला हसू आलं. मग तिचा आणि भिकाचा दाखवला. भिकाला खोकल्याची उबळ आली होती, तानी त्याचं बाशिंग सरळ करत होती, नेमका तेव्हाचा. फोटो उतरला तो इतका सुंदर की मी स्वतःवरच खूश. तिने तोंडाला पदर लावला. “हा आमचा डोकरा काय? बरा दिसतो की मेला!” आणि मग पडद्यावर बोट रोखून म्हणाली, “ह्यो नको पुसू हां.”

“हा कसा पुसेन?” मी म्हटलं.

१७ एप्रिल, शनिवार

कार्ड कोरं आहे.

क्लासात वायर लावली. एकही फोटो नाही. सर म्हणाले, वायर नीट बसली नसेल. पुन्हा लावली. काही नाही. घरी येऊन अण्णांना विचारलं तर लगेच कबूल.

“काल दिवस मावळला तेव्हा कॅमेरा रिकामा करायला घेतला,” म्हणाले. “भरलेला कॅमेरा तसाच ठेवू नये. तीस वर्षांत मी ठेवलेला नाही. कार्ड काढून रोलच्या डब्यात ठेवावं म्हटलं.”

“मग काढायचं आणि ठेवायचं!”

“रोल गुंडाळल्याशिवाय मागचं दार उघडायचं कसं? उजेड लागून सगळे फोटो गेले असते. म्हणून गुंडाळायचं बटण शोधलं. ते दाबलं तर टुक करून त्याने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं.”

“अण्णा, त्याने सगळे पुसू का असं विचारलं! तुम्हाला इंग्रजी वाचता येतं!”

“मला वाटलं, गुंडाळू का म्हणून विचारतोय.”

“वाचलं का नाहीत पण?”

अण्णा चष्मा काढून पुसत बसले. मी नको नको ते बोलले. तुम्हाला हा कॅमेरा घरात नकोच होता, मनासारखं झालं ना, असंही म्हणाले. ते उठून गेले, जाताना उंबऱ्याला पाय ठेचकाळला. मी बघितलंही नाही. मी आज जेवले नाही.

१८ एप्रिल, रविवार

रडून फोटो परत येत नाहीत. सरांकडे गेले. ते म्हणाले, “आता ह्यावर एकही नवा फोटो काढू नका. मुंबईत माझा मित्र आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पुसलेलं खाली कुठे शिल्लक असेल तर तोच काढेल.” स्वतःच कार्ड घेऊन जातो म्हणाले. त्यांचं मुंबईला काहीतरी काम निघालं असणार.

कार्ड कापसात गुंडाळून आगपेटीत घालून दिलं. सोनेरी भागाला बोट लावू देऊ नका, असं मीच त्यांना तीनदा सांगितलं.

काहीही होवो, तानीला फोटो मिळणार. मी शब्द दिलाय.

२१ एप्रिल, बुधवार

तानी आली. मशीन बिघडलं असं सांगायचं ठरवलं होतं. तिचा चेहरा बघून जीभ रेटेना. सांगून टाकलं, फोटो पुसला गेला म्हणून. अण्णांचं नाव नाही घेतलं. एवढा राग असूनही नाही घेतलं.

ती खाली फरशीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी तवाच बोललू. मानूस हाय त्याच्यात.”

“मी येते पाड्यावर. चौक अजून भिंतीवर आहे ना? तुम्हा दोघांना पुन्हा बाशिंग बांधू, पुन्हा काढू.”

“पुन्हा कुटं बांदतात बाय? ते येकदाच.” मग उठता उठता, “डोकरा आता बसत पन नाय नीट. पडून हाय. मला बोलतो, फोटू आला काय? मी बोलते, येल.”

“येईल,” मी म्हटलं. “त्याला सांग, येईल. मी स्वतः घेऊन येईन.”

अण्णा पडद्याआड उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. ती गेल्यावर रोलच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग आत निघून गेले. बोला ना! माफ करा म्हणायला एवढं जड जातं?

२५ एप्रिल, रविवार

सर आले. त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. मित्राने दोन दिवस खटपट केली, काही निघालं नाही. “सॉरी सुलूताई,” म्हणाले, आणि ताई म्हणताना का कोण जाणे अडखळले. आगपेटी परत दिली.

कार्ड कॅमेऱ्यात घालवेना. अण्णांच्या रोलच्या डब्यात ठेवावं म्हटलं, तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा, ज्यात ओल शिरत नाही. झाकण काढलं. वर एक काढून झालेला रोल, ब्लॅक अँड व्हाइट, न धुतलेला. अण्णा प्रत्येक रोलवर गिऱ्हाइकाचं नाव घालतात. ह्याच्यावर काही नाही.

“हा कुणाचा?”

अण्णांनी हात पुढे केला, रोल बोटांनी चाचपला आणि एकदम म्हणाले, “तो टाकून दे.”

“अण्णा, लग्नाला याशिकात रोल होता?”

त्यांनी डब्याचं झाकण चाचपून लावायला घेतलं.

“होता ना! मग आठवडाभर गप्प का बसलात? मी इथे तीळ तीळ तुटतेय, ती बाई उंबरे झिजवतेय, आणि तुम्ही—”

“त्यात काही आलेलं नसणार, सुले. टाकून दे.”

असला हट्टी माणूस मी जन्मात बघितला नाही. पण हट्ट मलाही त्यांच्याकडूनच मिळालाय. उद्या हा रोल धुणार म्हणजे धुणारच.

२६ एप्रिल, सोमवार

सकाळी दुकान न उघडताच डार्करूममध्ये गेले. रोल मिट्ट काळोखात चक्रीवर चढवावा लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. मला सवय राहिली नाही. दोनदा चढवला, दोनदा सुटला. फिल्म दुमडेल ह्या भीतीने घाम फुटला. तेवढ्यात दारावर टकटक. “दिवा बंद आहे ना? मला आत घे.”

फिल्म धुवायच्या टाकीत झाकून दार उघडलं, अण्णा आत आले आणि दार लावून घेतलं. टाकीतून फिल्म आणि चक्री काढून घेतली. दोन क्षणांत फिल्म सरसर चढली, टाकीत गेली, झाकण बसलं. कुठे अडखळणं नाही, कुठे सांडणं नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा हात इतका मोकळा चाललेला मी पाहिला नव्हता. आता दिवा लावायला हरकत नव्हती. मी बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, “राहू दे जरा.”

काळोखातच औषध ओतलं. टाकी हलवत हलवत बोलले. “सुले, माझ्या डोळ्यांचं काहीतरी झालंय गं. वर्ष झालं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. आता सगळ्यावर साय धरल्यासारखी आहे. तुझा तो पडदा मला नुसता पांढरा दिसतो. तू मला तुझा फोटो दाखवलास, तो मी बघितलेलाच नाही.”

मी काळोखात चाचपडत त्यांचा दंड धरला.

“फोटोवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर कोण येईल गं दुकानात? तुझ्या आईच्या नावाचं दुकान. म्हटलं, एक रोल काढून बघू, अजून जमतंय का. अंतर तू सांगशील, कडी बोटाला पाठ आहे. मग धुवायचा धीर होईना. धुतला असता तर कळलं असतं ना, संपलं म्हणून.”

चहा, पेपर, टचिंग, गुडघा, उंबरा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला रुसवा म्हणत बसले. दिसत नव्हतं ते मला.

फिल्म धुऊन खिडकीशी धरली. अण्णा पाठीशी उभे. “आलंय काही?”

फोटो आले होते, पण माणसं सगळी विरघळलेली. हे दहा फूट. हे चार. हे पंधरा. तोंडाला येईल ते मी सांगितलं होतं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तिथेच कडी फिरवली होती. अर्ध्या अंधाऱ्या घरात थोडं चुकलं तरी फोटो गेलाच. मला रडू आवरेना.

“सगळे गेले ना?” अण्णा म्हणाले. “म्हटलं होतं तुला.”

“थांबा हो!” मी ओरडले.

सुरुवातीचे सहा-सात लख्ख. आणि त्यात तो. चौकापुढे पाटावर तानी आणि भिका. तानी बाशिंग सरळ करतेय, बाशिंगाचा दोरासुद्धा मोजून घ्यावा असा. सहा फूट. अण्णांचा नेम केसभरही चुकला नव्हता. ज्या ज्या वेळी मी खरं सांगितलं, त्या त्या वेळी त्यांनी खरा फोटो काढला. वाया गेले ते माझे.

त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, दहा, चार, पंधरासुद्धा. ते चिडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि विचारलं, “भिकाचे डोळे उघडे आहेत?”

“उघडे आहेत.”

“मग मोठा प्रिंट काढ. कागद चांगला वापर.”

२९ एप्रिल, गुरुवार

आधी पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. अण्णा नको नको म्हणत होते, मी रिक्षात कोंबलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. “इतके दिवस काय करत होतात?” डॉक्टर म्हणाले. “फोटो काढत होते,” मी म्हटलं. मे संपता संपता ऑपरेशन.

तिथून पाड्यावर. अण्णांना मी हात धरून चढवलं, ह्या वेळी गुडघ्याचं नाव नाही निघालं. भिका बाजेवर पडून होता, छातीचा आवाज दारापर्यंत येत होता. तानीने त्याला उठवून स्वतःच्या अंगाला टेकवून बसवलं. फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो बराच वेळ बघितला. मग उलटा करून पाठही बघितली.

“ह्यो पुसनार नाय ना?”

“नाही,” मी म्हटलं. “आणि पुसला गेला तरी ह्याची फिल्म आहे अण्णांच्या डब्यात.”

“मंग झालं.” आणि तानीकडे बघून, “तू लय बारीक दिसतीस गं ह्याच्यात.”

“तवा उपाशी होते, लगीन होतं ना!” तानी म्हणाली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. बुधीने आम्हाला गुळाचा चहा दिला. अण्णांनी बशीत ओतून घ्यायला माझ्यापुढे कप धरला, मी ओतला.

९ मे, रविवार

तानी बाजारात भेटली. भिका परवा गेला. फोटो उशाशीच होता म्हणाली. मी तिथेच रस्त्यात उभी राहून रडले, तिनेच माझी समजूत घातली.

आज शिरगावला लग्न होतं. कार्डाचे नियम आता ठरलेत. प्रिंट हातात आल्याशिवाय पुसायचं नाही. पुसायच्या आधी पडद्यावरची अक्षरं मी मोठ्याने वाचायची आणि हो अण्णांनी म्हणायचं. काल तसंच पहिल्यांदा कार्ड कोरं केलं. त्यांनी “हो” म्हणायला इतका वेळ लावला की मलाच धाप लागली.

एकनाथ सर पिशवी धरायला आले होते. त्यांना सुट्टी होती म्हणे. आता त्यांनी ताई म्हणणं सोडलंय, नुसतं सुलू म्हणतात. अण्णा पुन्हा गालात हसले.

मांडवात नवरा-नवरी पाटावर येऊन बसले. माझा कॅमेरा तयार होता. अण्णांनी याशिका डोळ्याला लावला आणि थांबले. ह्या वेळी विचारलं नाही. मी कॅमेरा सरांच्या हातात दिला, अण्णांच्या पायापासून पाटापर्यंत पावलं टाकत गेले, परत आले आणि त्यांच्या कानाशी सांगितलं,

“अण्णा, आठ फूट.”